दोन इंच माया

त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणायचे, पण शाळेत शिकवायला त्या उभ्या आयुष्यात एक दिवसही गेल्या नव्हत्या. नवरा टेलर, टेलरला लोक मास्तर म्हणतात, म्हणून या मास्तरीण. त्यात दुकान नेमकं शाळेसमोर. नवीन शिक्षिका रुजू झाली की तिचा हमखास गोंधळ व्हायचा. "तुम्ही कुठला विषय घेता?" असं कुणी विचारलं की मास्तरीणबाई दातांत धरलेली सुई काढून सांगायच्या, "काजं-बटणं. पहिली ते सातवी, सगळे वर्ग."

दुकान म्हणजे एकच गाळा. दाराशी मास्तरांचं कापायचं टेबल, मधे दोन मशिनी, आणि पाठीमागे खिडकीखाली मास्तरीणबाईंचं स्टूल. शाळेचे सगळे गणवेश इथेच शिवले जायचे. शाळा उघडायच्या आधीचे सहा आठवडे पोरांची रांग थेट फुटपाथपर्यंत जायची. मास्तर गळ्यात फीत टाकून एकेकाला समोर उभं करायचे आणि लिलाव पुकारल्यासारखे ओरडायचे, "छाती चोवीस! खांदा अकरा! बाही सहा!" ते ओरडायचे आणि मास्तरीणबाई लिहायच्या. मास्तरांचा आवाज खणखणीत, पण अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पहिल्याच वर्षी स्वतःचंच लिहिलेलं न वाचता आल्यामुळे त्यांनी एका मुलीच्या फ्रॉकला एका हातापुरतीच बाही जोडली होती. तेव्हापासून वही बायकोकडे गेली ती कायमची.

मास्तरीणबाईंना ते काम मनापासून आवडायचं. सहावीत शाळा सुटली होती, पण आकड्यांशी त्यांचं लहानपणापासून जमायचं. आकडे नीट एकाखाली एक बसले की त्यांना बरं वाटायचं. दरवर्षी नवी वही, लांबट, जाड पुठ्ठ्याची. डावीकडे मुलाचं नाव आणि इयत्ता, पुढे मापांचे रकाने. अशा अडतीस वह्या झाल्या.

मग शाळेने तयार गणवेश मागवायला सुरुवात केली आणि मास्तरांच्या गुडघ्यांनीही संप पुकारला. दुकान बंद करायचं ठरलं. मशिनी विकल्या, टेबल उचललं, आणि उरली वह्यांची पत्र्याची ट्रंक.

"रद्दीत घाल आता," मास्तर म्हणाले. "कुणाच्या कुठल्या छातीचं माप घेऊन बसलीयस! ती पोरं आता आजोबा व्हायला आली."

"होऊ देत. ट्रंक काय तुमच्या डोक्यावर आहे का?" असं म्हणून मास्तरीणबाईंनी ती घरी आणवली आणि पलंगाखाली सरकवून दिली.

तिथेच ती प्राध्यापिकेला सापडली.

ही प्राध्यापिका कॉलेजात इतिहास शिकवायची. चाळिशीच्या आतली, पायात कॅनव्हासचे बूट आणि पाठीवर एवढी जड बॅग की पायऱ्या चढताना ती पुढे वाकायची. तिचा अभ्यास चालला होता गावच्या बाटल्यांच्या कारखान्यावर. एकतीस वर्षांपूर्वी तो काचकारखाना एका सकाळी बंद झाला होता आणि निम्म्या गावाचं काम गेलं होतं. त्यानंतर काय झालं, याच्या दोन कहाण्या गावात होत्या. मालकाच्या बाजूचे म्हणायचे, थोडी ओढाताण झाली, पण लोकांनी निभावून नेलं. कामगारांच्या बाजूचे म्हणायचे, गाव उपाशी होतं. प्राध्यापिकेने जुनी वर्तमानपत्रं वाचली, भाषणं वाचली, म्हाताऱ्या माणसांना बोलतं केलं. पण जो तो आपल्याला हवं तेच सांगायचा.

"मला मोजलेलं काहीतरी हवं होतं," तिने पहिल्या भेटीत सांगितलं. "कुणाची बाजू घ्यायची म्हणून न लिहिलेलं. पोरं जेवली की नाही, ते त्यांच्या अंगावर दिसतं. पण दवाखान्याचे कागद पुरात गेले आणि शाळेत वजनं कधी घेतलीच नाहीत. मग शाळेच्या शिपायाने सांगितलं की समोरच्या मास्तरांनी प्रत्येक पोराची छाती दरवर्षी मोजलीय."

मास्तरांची छाती तिथल्या तिथे चार इंच फुगली. "मोजलीय म्हणजे! अडतीस वर्षं! अगं, ऐकलंस का? आपण इतिहास करून ठेवलाय."

"मघाशी तर रद्दी होती," स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

ट्रंक उघडली. प्राध्यापिकेने एक वही उचलली, दोन पानं चाळली आणि जमिनीवरच बैठक मारली. चहा आला, गार झाला, तरी तिचं लक्ष नव्हतं. मास्तरीणबाईंनी दारातून ते पाहिलं. आपल्या अक्षराकडे कुणी असं बघताना त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

पुढचे चार महिने प्राध्यापिका आठवड्यातून तीनदा यायची. पानांचे फोटो काढायची, लॅपटॉपवर आकडे भरायची. अकरा हजारांवर मापं होती. मास्तर खुर्चीत बसून तिला दुकानाच्या गोष्टी सांगायचे, त्यातल्या निम्म्या ती दुसऱ्यांदा ऐकत असायची. मास्तरीणबाई चहा द्यायच्या आणि आत जायच्या. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, आणि न विचारता बोलायची त्यांची पद्धत नव्हती.

एक दिवस प्राध्यापिका आली ती तोंड पाडून. तिने लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि मास्तरांना पडद्यावरची रेघ दाखवली.

"मास्तर, ही दहा वर्षांच्या मुलांची सरासरी छाती, प्रत्येक वर्षाची. बघा, इतकी वर्षं साडेपंचवीसच्या आसपास. आणि हे कारखाना बंद पडल्यानंतरचं पहिलं वर्ष. जवळजवळ साडेसव्वीस. दुसऱ्या वर्षी त्याहूनही जास्त."

"म्हणजे पोरं चांगली गुटगुटीत झाली!" मास्तर म्हणाले.

"तसंच दिसतंय. म्हणजे मालकाच्या लोकांचं खरं होतं. काही बिघडलं नाही." ती डोळे चोळत म्हणाली. "मला वाटलं होतं उलटं निघेल. पण मला काय वाटतं याला अर्थ नाही. आकडे जे सांगतील ते लिहायला हवं."

मास्तरीणबाई ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तो खाली ठेवला.

"खोटं आहे ते," त्या म्हणाल्या.

दोघांनी मान वर केली.

"तुम्हाला खोटं म्हणत नाही हो मॅडम. ती रेघ खोटी आहे. त्या वर्षी पोरांच्या अंगावर मांस नव्हतं. मास्तर फीत लावायचे तेव्हा बरगड्यांवरून सरकायची. तुम्ही टिंबं घेतली नाहीत का?"

"कुठली टिंबं?"

मास्तरीणबाईंनी चष्मा लावला, वही उघडली आणि छातीच्या रकान्यातल्या एका आकड्यावर बोट ठेवलं. आकड्याखाली बारीक शाईचे चार ठिपके होते. प्राध्यापिकेने ते शेकडो वेळा पाहिले होते आणि पेन टेकवण्याची सवय समजून सोडून दिले होते.

"शिवताना आत जादा कापड दुमडून ठेवतात ना, पोर वाढलं की उसवून मोठं करायला, त्याला आम्ही माया म्हणतो. मी वहीत माप लिहायची ते अंगाचं नव्हे, कापड कापायचं. मायेसकट. पण पुढच्या वर्षी तोच शर्ट उसवायला आला की आत किती माया आहे ते कळायला नको? म्हणून खाली टिंबं. एक टिंब म्हणजे अर्धा इंच. एरवी प्रत्येकाला एकच टिंब. कारखाना बंद झाला आणि आया येऊन म्हणायला लागल्या, मास्तर, भरपूर माया ठेवा, आता तीन वर्षं दुसरा शर्ट नाही. मग चार टिंबं, पाच टिंबं. तुमची रेघ वर गेली ती पोरांमुळे नाही. मायेमुळे."

"ही टिंबं मला ठाऊक नव्हती," मास्तर म्हणाले.

"तुम्ही वही कधी उघडलीत? कापतानासुद्धा मीच वाचून दाखवायची."

प्राध्यापिकेने तिथेच कागद घेतला आणि एका वर्गाची वजाबाकी केली. साडेपंचवीसातून अर्धा गेला की पंचवीस. साडेसव्वीसातून दोन गेले की साडेचोवीस. तिने पेन खाली ठेवलं. "काकू," ती म्हणाली, "तुम्ही चार महिने आत बसून काय करत होता?"

"तुमचा चहा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

पण एवढ्याने भागलं नाही. प्राध्यापिकेच्या विभागात एक वरिष्ठ होते, सरळ पण भलते चिकट. त्यांनी साफ सांगितलं की एका बाईंच्या तीस वर्षांपूर्वीच्या आठवणीवर अकरा हजार आकडे बदलता येणार नाहीत. टिंबांचा अर्थ तोच आहे कशावरून? प्राध्यापिकेला ते सांगायला ओशाळल्यासारखं झालं. मास्तरीणबाईंना मुळीच राग आला नाही.

"बरोबर बोलले ते," त्या म्हणाल्या. "कपडा उसवून बघा म्हणावं."

आता त्या वेळचा गणवेश आणायचा कुठून? शोध सुरू झाला. पहिला शर्ट दूधगाडीवाल्याने आणला. रोज सकाळी गल्लीत दूध घालणारा हा माणूस, पंचेचाळिशीच्या आसपासचा. त्याच्या आईने तो शर्ट तीस वर्षं जपून ठेवला होता. नवाच्या नवा दिसत होता.

"दीड महिना घातला फक्त," तो म्हणाला. "मग शाळा सोडली. वडलांबरोबर हमालीला जायला लागलो."

वहीत त्याची नोंद सापडली. छाती सत्तावीस, खाली चार टिंबं. मास्तरीणबाईंनी ब्लेडने दोन्ही बगलेखालच्या शिवणी उसवल्या. धागा जुना, पण टाका मास्तरांचा, सहजासहजी सुटेना. आतलं कापड उलगडलं तेव्हा त्याचा रंग बाहेरच्या कापडापेक्षा गडद निघाला. मास्तरांनी फीत लावली आणि सवयीने ओरडले, "दोन इंच!"

दूधगाडीवाला त्या गडद पट्टीकडे बघत राहिला. "हे माझ्यासाठी ठेवलं होतं?" त्याने विचारलं.

"वाढशील म्हणून," मास्तरीणबाई म्हणाल्या.

वरिष्ठ म्हणाले, एका शर्टाने सिद्ध होत नाही. मग आणखी जमवले. कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या गाठोड्यातून, एक तर चक्क कुणाच्या गादीच्या अस्तरातून निघाला. सगळे मिळून अकरा कपडे. नऊ टिंबांशी तंतोतंत जुळले, दोनांत अर्ध्या इंचाचा फरक निघाला. "ते दोन संध्याकाळचे असणार. संध्याकाळी मास्तरांची कात्री घाईला यायची," मास्तरीणबाई म्हणाल्या. वरिष्ठांनी हात टेकले.

आता सगळ्या वह्या पुन्हा वाचायच्या होत्या. बरीच टिंबं पुसट झाली होती, काही शाईच्या डागांत मिसळली होती. खूण कुठली आणि डाग कुठला, ते एकट्या मास्तरीणबाईंना कळायचं. म्हणून रोज दुपारी तीन ते सहा त्या आणि प्राध्यापिका खिडकीशी बसायच्या. मास्तरीणबाई वाचायच्या, प्राध्यापिका भरायची. इतकी वर्षं नवरा ओरडायचा आणि त्या लिहायच्या. आता त्या पुकारत होत्या आणि एक शिकलेली बाई लिहीत होती. मास्तर मधूनमधून डोकावून जायचे, आणि एक दिवस चक्क त्यांनी चहा केला. त्यात साखर घालायची राहिली होती, पण कुणी काही बोललं नाही.

वाचताना मास्तरीणबाई थांबायच्या. "हिला पुढच्या वर्षीच्या वहीत शोधू नका. घरकामाला लावली." "हे दोघे भाऊ मामाकडे गेले." कारखाना बंद झाला त्या वर्षी वहीतली नावं चारशे बारांवरून दोनशे सत्त्याऐंशींवर आली होती. प्राध्यापिका म्हणाली, "काकू, जी सगळ्यात जास्त उपाशी होती, ती मापाला आलीच नाहीत. म्हणजे आपली रेघ खाली गेलीय, तरी खरं त्याहूनही वाईट असणार." आणि तिने न आलेल्यांची वेगळी यादी सुरू केली.

अशाच एका दुपारी मास्तरीणबाईंनी पान उलटलं आणि पाचवीच्या वर्गात, वरून सातव्या ओळीत, त्यांच्या मुलीचं नाव आलं.

ते येणार हे त्यांना ठाऊक होतं. आदल्या वर्षीच्या वहीत ते येऊन गेलं होतं: छाती चोवीस, एक टिंब. त्यांनी ते न अडखळता वाचलं होतं. या वहीत आकडा होता साडेपंचवीस. त्याखाली चार टिंबं, स्पष्ट, एकही पुसलेलं नाही.

"पुढे काकू?"

"याची टिंबं वाचता येत नाहीत," मास्तरीणबाई म्हणाल्या. "शाई पसरलीय."

प्राध्यापिकेने तो चौकोन रिकामा सोडला. पुढच्या वहीतही तसंच झालं. दोन चौकोन रिकामे राहिले. अकरा हजारांत दोन. कुणाच्या लक्षात येणार होतं?

पण मास्तरीणबाईंची वजाबाकी मनातल्या मनात केव्हाच झाली होती, आणि ती आजची नव्हती. चोवीसमधून अर्धा, साडेतेवीस. साडेपंचवीसमधून दोन, साडेतेवीस. सव्वीसमधून अडीच, साडेतेवीस. तीन वर्षं पोर तसूभर भरली नव्हती. तिच्याहून एका वर्षाने मोठा भाऊ मात्र दरवर्षी इंचाने वाढला होता. त्याची टिंबं त्यांनी बिनचूक वाचली होती.

महिन्याभराने काम संपलं. प्राध्यापिका नवी रेघ घेऊन आली. या वेळी तिने दोन रेघा काढल्या होत्या, एक मुलांची आणि एक मुलींची. कारखाना बंद झाल्यावर दोन्ही खाली गेल्या होत्या. मुलांची अर्धा इंचही नाही, आणि तीन वर्षांत ती परत जागेवर आली होती. मुलींची एक इंचाहून जास्त घसरली होती, आणि वर यायला तिला सात वर्षं लागली होती.

"मला हे दिसेल असं वाटलं नव्हतं," प्राध्यापिका हळू आवाजात म्हणाली. "इतक्या म्हाताऱ्या माणसांशी बोलले. एकानेही सांगितलं नाही की घरात मुलींच्या वाट्याला कमी यायचं."

मास्तर खुर्चीत सावरून बसले. "असतील काही घरं तशी. पण सरसकट नका लिहू मॅडम. आमचंच बघा. काम निम्म्यावर आलं होतं, तरी आमच्या घरात मुलगा आणि मुलगी कधी वेगळं धरलं नाही. हे लिहा तुम्ही. मास्तरांच्या घरी भेद नव्हता, असं माझ्या नावाने लिहा."

प्राध्यापिकेने पेन उघडलं.

"लिहू नका," मास्तरीणबाई म्हणाल्या.

त्या उठल्या, ट्रंकेतून तीन वह्या काढल्या आणि एकेक पान उघडून नवऱ्यासमोर मांडल्या. मग बोट ठेवून वाचलं. मुलाची तीन मापं, मुलीची तीन मापं. आवाज स्थिर होता, मास्तर पुकारायचे तसा. वाचून झाल्यावर प्राध्यापिकेकडे वळून म्हणाल्या, "ते दोन चौकोन मी रिकामे ठेवायला लावले होते. शाई पसरलेली नव्हती. आता भरा."

मास्तरांनी वही जवळ ओढली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली.

"तू मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? फीत तुमच्या हातात होती. आकडा तुम्हीच ओरडलात. मी लिहिला."

"पण जेवण तर..."

"तुम्ही दिवसभर मशीन मारायचात, तुम्हाला पुरेसं लागायचं. तो वाढीचा मुलगा, सारखा भूक भूक करायचा, अंडं आलं की ते त्याच्याच ताटात. ती मागायची नाही. जे उरायचं त्यात आम्ही दोघी." मास्तरीणबाईंनी वह्या मिटल्या. "मला कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं. माझा हातच तसा चालायचा. ती मागत नाही, म्हणजे तिला नको असेल, असं मी स्वतःला सांगायची. आणि दर वर्षी तिच्या आकड्याखाली टिंबं द्यायची. भरपूर. पोर वाढेल, मग सोडू."

प्राध्यापिका म्हणाली, "काकू, कागदावर नावं नसतात. हे कुणाला कळणार नाही. नको असेल तर मी हे दोन आकडे वगळते. तसं करता येतं."

"आणि ज्यांच्या आया इथे बसलेल्या नाहीत, त्यांचे वगळणार का? नाही ना? मग भरा."

मास्तर उठून चपला घालून बाहेर गेले. तासाभराने परत आले तेव्हा त्यांनी उगाच वीस हँगर विकत आणले होते, जे आता कुणालाच लागणार नव्हते. ते एकेक करून खुंटीला अडकवत ते म्हणाले, "सबंध वर्षभर मी तिला चिडवायचो. काडी पैलवान म्हणायचो." मास्तरीणबाईंनी त्यांच्या हातातले उरलेले हँगर काढून घेतले.

मुलगी दुसऱ्या शहरात रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. चार दिवसांची सुट्टी काढून ती आली. पहिल्याच सकाळी, ती केस विंचरत असताना, मास्तरीणबाईंनी तिच्यापुढे वही ठेवली आणि कसलीही प्रस्तावना न करता सगळं सांगून टाकलं. सांगताना त्या तिच्याकडे बघत नव्हत्या, भिंतीकडे बघत होत्या.

मुलीने वही वाचली. टिंबं मोजली. बराच वेळ ती फणीचे दात नखाने वाजवत बसली.

"मला ठाऊक होतं आई," ती शेवटी म्हणाली. "मी काय आंधळी होते? तुझ्या पुढ्यात तर माझ्याहून कमी असायचं. मी बघायचे. म्हणून नाही मागायचे."

"राग आला असेल तुला."

"आला ना! का येणार नाही? पण तुझा नाही. त्या अंडं गिळणाऱ्याचा. रोज माझ्यासमोर बसून मिटक्या मारत खायचा. बोटं पण चाटायचा!" आणि तिने तडक फोन उचलून भावाला लावला. तो कुठल्याशा मीटिंगमध्ये होता. "तू माझी किती अंडी देणं लागतोस ठाऊक आहे का?" इथपासून तिने जी सुरुवात केली, ती त्याला मीटिंगमधून बाहेर पडायला लावूनच थांबली. मधेच तिचा आवाज फुटला. मग पलीकडून तो बराच वेळ बोलत होता आणि ही नुसती हं, हं करत होती. मास्तर पडद्याआड उभं राहून सगळं ऐकत होते. पडद्याखालून त्यांचे पाय दिसत होते.

सगळं एका फोनने मिटलं असं नाही. जायच्या आदल्या दिवशी मुलगी आईला म्हणाली, "मला एक गोष्ट कळत नाही. तू टिंबं देत होतीस, म्हणजे तुला दिसत होतं. रोज दिसत होतं." मास्तरीणबाई "हो" म्हणाल्या. मुलगी पिशवी भरायला लागली आणि म्हणाली, "पुढच्या महिन्यात येते. तुझं रक्त तपासायला घेऊन जाईन. तुझं कधी कुणी काही मोजलंच नाही." आणि खरोखरच आली, आणि तपासलं, तेव्हा मास्तरीणबाईंचं हिमोग्लोबिन इतकं कमी निघालं की डॉक्टरांनी त्यांना दिवसातून तीनदा गोळ्या आणि वर बोलणी दिली.

प्राध्यापिकेचा लेख दीड वर्षाने छापून आला. तो कॉलेजात वाचला गेला त्या दिवशी मास्तर आणि मास्तरीणबाई पहिल्या रांगेत बसले होते. कारखान्याच्या जुन्या मालकाचा पुतण्याही आला होता. त्याने उठून विचारलं, "शिंप्याच्या वहीवरून इतिहास लिहायचा म्हणजे जरा अतीच होतंय, नाही का? चूक नसेल कशावरून?"

प्राध्यापिका उत्तर द्यायला उभी राहिली, पण मास्तरीणबाई आधीच उठल्या होत्या. माइक कुणी दिला नव्हता, आणि त्यांना तो लागलाही नाही.

"चूक असेल ना," त्या म्हणाल्या. "अकरा कपडे उसवले, दोन चुकले. ते लेखात लिहिलंय. दोन ठिकाणी मी स्वतः खोटं वाचलं होतं, ते नंतर दुरुस्त केलंय. तुमच्या कारखान्याची पण अशी एखादी वही असेल तर आणा. आपण दोन्ही उघडून बसू. माझ्याकडे वेळ आहे."

पुतण्या खाली बसला. त्याने वही काही आणली नाही.

ट्रंक आता कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. वह्या वाचायला दरवर्षी नवी मुलं येतात आणि ठिपक्यांपाशी अडतात, म्हणून कॉलेजने मास्तरीणबाईंना महिन्यातून दोन मंगळवार बोलावून घेतलं आहे. त्या रिक्षाने जातात, मुलांना ओळीने बसवतात, आणि पहिल्या तासाला प्रत्येकाकडून एक जुना शर्ट उसवून घेतात. ब्लेड सटकतं, बोटाला लागतं, मुलं कुरकुरतात. मास्तर बरोबर जातात आणि मागच्या बाकावर बसून टाके कसे सोडवायचे ते मधेच ओरडून सांगतात. मास्तरीणबाई त्यांना गप्प करतात आणि पुढचा आकडा वाचायला घेतात.